रांगेतल्या खुंट्या

१ सप्टेंबर, संध्याकाळ

पोचलो. अंगाचा पार खुळखुळा झालाय. सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आलो. ड्रायव्हर सगळा वेळ शिट्टीवर एकच चाल वाजवत होता. दुसरी येते का विचारलं, तर म्हणाला, येते, पण आवडत नाही.

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे इथे खरं तेच लिहायचं. संकल्प पहिला.

काम असं. लष्करी तळ, वस्तीपासून कुठल्या कुठे, उघड्या माळावर. गटारं तुंबतात, पाण्याचे पाइप गंजलेत, जमिनीखालच्या केबली कुठून कुठे जातात कोणालाच माहीत नाही. सगळं उपसून नवं घालायचं. कंपनीने आधी दोघांना विचारलं होतं म्हणे. दोघांचीही पाठ एकाच दिवशी धरली. मी लगेच हो म्हटलं. अशा ठिकाणी अनुभवी माणूसच लागतो.

२८ तारखेला मुलीचं विमान आहे. शिकायला चाललीय, थंड मुलखात. तिला विमानतळावर मीच सोडणार. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी साइटवर होतो. गॅदरिंगमध्ये ती झाड झाली होती तेव्हाही साइटवर होतो. (फोटो पाहिला. चांगलं झाड होतं.) या वेळी मात्र शब्द दिलाय.

निघताना बायकोला सांगितलं, २६ ला घरी. ती म्हणाली, बरं. तिच्या 'बरं'चे बरेच प्रकार आहेत. हा भांडी आवरतानाचा होता, म्हणजे विश्वास ठेवलेला नाही. साडू तिथेच चहा पीत बसले होते. ते म्हणाले, तुम्हाला नाहीच जमलं तर माझी गाडी आहेच. साडूंची गाडी नेहमी 'आहेच'. म्हटलं, तशी वेळ येणार नाही. ते म्हणाले, छे छे, मी आपलं म्हणून ठेवलं.

म्हणून ठेवलं! माणसाने लोणचं ठेवावं, वाक्यं कशाला ठेवायची?

खोली बरी आहे. फक्त तळाच्या अगदी सखल टोकाला आहे. बाथरूमला पायरी उतरून जावं लागतं. मी तक्रार केली नाही. थोडेच दिवस आहेत.

३ सप्टेंबर

मेजरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, जमिनीखाली काय काय आहे त्याचा नकाशा द्या. म्हणाले, आहे, पण गोपनीय आहे. म्हटलं, मग मी खणू कसा? म्हणाले, खुशाल खणा, खणायला परवानगी आहे.

मी शांतपणे समजावलं की नकाशा न बघता खणलं तर काहीतरी तुटेल. ते म्हणाले, बरोबर आहे, म्हणून जपून खणा. मग स्वतः आत जाऊन, दार लावून, नकाशा बघून आले. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मोठ्या हुद्द्याचं शिक्षण.

संकल्प दुसरा: चिडायचं नाही.

५ सप्टेंबर

टेलिफोनची केबल तुटली.

मुकादमाला झापलं. मुकादम म्हणाला, साहेब, तुम्हीच पाय आपटून दाखवलंत, इथे खण. दाखवलं असेल. पाय आपटणं आणि खणणं यात फरक आहे.

मेजरसाहेब आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, मला वाटलंच होतं. मी विचारलं, वाटलं होतं तर बोलला का नाहीत? म्हणाले, बोललो असतो तर केबल कुठे आहे हे तुम्हाला कळलं असतं.

आता अख्ख्या तळाचा फोन बंद. मोबाइलला रेंज एकाच जागी येते, पाण्याच्या उंच टाकीवर. शिडी उभी आहे, लोखंडी आहे, आणि वर वारा असा की चष्मा हाताने धरून ठेवावा लागतो.

६ सप्टेंबर

टाकीवर चढलो. बायकोला म्हटलं, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. ती म्हणाली, वाऱ्याचा आवाज कसला येतोय, कुठे आहात? म्हटलं, ऑफिसात, पंखा आहे.

९ सप्टेंबर

आज ऑफिसर मेसच्या गरम पाण्याचा पाइप फुटला. चरात उतरलेल्या मजुरांच्या पायांना वाफ लागली आणि ते माकडासारखे उड्या मारत वर आले. मेजरसाहेब म्हणाले, मला वाटलंच होतं.

आता मी युक्ती काढलीय. खणायच्या आधी मेजरसाहेबांना चहाला बोलवायचं आणि काठीने जमिनीवर रेघ ओढायची. रेघ चुकीच्या जागी गेली की ते चहाचा घोट घ्यायचे थांबतात. दुपारभर हाच उद्योग केला. त्यांनी पाच कप चहा प्यायला, मला पाण्याची लाइन, विजेची केबल आणि जुनं गटार, तिन्ही सापडली. गुपित कुठेही फुटलं नाही. माणसं ओळखता आली पाहिजेत, डिग्रीत हे शिकवत नाहीत.

११ सप्टेंबर

इथे एक सार्जंट आहे. तळाची टापटीप त्याच्याकडे. मी त्याचं नाव ओळंबा ठेवलंय, कारण तो उभा राहिला की गवंड्याचा ओळंबा सोडल्यासारखा सरळ असतो. मला मनापासून सलाम ठोकतो. मी साधा नागरिक असूनही.

ओळंब्याला वाकडं काही बघवत नाही. रस्त्याच्या कडेचे दगड एका मापाचे, चुना लावलेले. झाडांचे बुंधे कमरेपर्यंत रंगवलेले, सगळे एकाच उंचीवर. परवा मजूर जेवायला बसले, तर याने त्यांच्या चपला रांगेत लावल्या. मजुरांना नंतर स्वतःच्या चपला सापडेनात, भांडणं झाली. मुकादम वैतागलाय. मी म्हटलं, अरे, शिस्त आहे ही, शीक काहीतरी.

जमिनीचा चढउतार मोजायचं माझं लेव्हलचं यंत्र मात्र अडकलंय. त्याला दुर्बीण आहे, म्हणून ते गार्डरूममध्ये जमा. हवं असेल तर अर्ज करायचा, चार दिवसांनी मिळतं, एका दिवसापुरतं. कर्नलसाहेबांची सही लागते. मी विचारलं, मी दुर्बिणीतून कोणाची हेरगिरी करणार, गटाराची? गार्ड म्हणाला, ते अर्जात लिहा.

अर्ज केला. संकल्प दुसरा परत एकदा.

१५ सप्टेंबर

सोन्याचा दिवस! यंत्र मिळालं. मुख्य लाइनच्या खुंट्या मी स्वतःच्या हाताने ठोकल्या. परेड ग्राउंडच्या कडेकडेने, मेसपासून थेट पलीकडच्या नाल्यापर्यंत.

यातच सगळी विद्या आहे. ग्राउंड रोलर फिरवून तव्यासारखं सपाट केलेलं. त्यावर प्रत्येक खुंटी आधीच्या खुंटीपेक्षा बोटभर खाली. डोळ्यांना जेमतेम कळतं, पण पहिली गुडघ्याएवढी आणि शेवटची जमिनीलगत. खुंट्यांच्या डोक्यांवर दोरी ताणायची, दोरीपासून ठरलेल्या मापाने खाली पाइप टाकत जायचं. मग पाइपाला आपोआप ढाळ मिळतो आणि पाणी आपल्या पायांनी चालत जातं. पंप नको, वीज नको, कर्नलची सही नको.

मुकादम म्हणाला, झकास. मुलीला टाकीवरून सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, म्हणजे तुमचं सगळं काम त्या बोटभर फरकावर आहे? बरोबर! आईपेक्षा हुशार आहे.

पाइप मात्र खालच्या डेपोत अडकलेत. उद्या स्वतः जाऊन आणतो. दुसऱ्यावर सोपवलं की विचका होतो.

१७ सप्टेंबर

पाइप घेऊन परतलो. गेटमधून आत आलो आणि गहिवरून आलं.

माझ्या खुंट्या! सगळ्या पांढऱ्या रंगवलेल्या, डोक्यावर लाल पट्टा. एकीकडून बघावं तर पहिलीमागे बाकीच्या झाकून जातात, अशी रांग. मी नसताना ओळंब्याने चार जवान लावून हे केलं. कोणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं नोकरी केली, खुंट्यांवर लोकांनी कपडे वाळत घातले, शेळ्या बांधल्या, चुलीत घातल्या. मान आज पहिल्यांदा मिळाला.

ओळंब्याला मिठीच मारणार होतो, पण तो सावधान उभा होता. म्हणाला, साहेब, जरा खालीवर झाल्या होत्या, व्यवस्थित करून घेतल्या. मी म्हटलं, फार छान केलंत. लगेच कर्नलसाहेबांना कौतुकाचं पत्र लिहिलं. 'या सार्जंटने खुंट्यांची जी निगा राखली, ती माझ्या कारकिर्दीत पाहिली नाही.' वाक्य चांगलं जमलंय.

मुकादमाने विचारलं, पाइप टाकायच्या आधी यंत्र लावून एकदा बघायचं का? म्हणजे परत अर्ज, परत चार दिवस. २८ तारीख काय माझ्यासाठी थांबणार आहे? म्हटलं, खुंट्या मी ठोकल्यात, त्यांना काय पाय फुटलेत?

१८ सप्टेंबर

दोरी ताणली. अहाहा. इतकी सरळ दोरी मी जन्मात पाहिली नाही. पाइप भराभर पडतायत. मोजायला, जुळवायला काही कटकटच नाही. सगळीकडे चर सारखाच खोल. मजूरही म्हणाले, असं सोपं काम पहिल्यांदाच मिळालं. नीट आखणी केली की काम सोपं जातं, हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. ऐकतो कोण.

१९ सप्टेंबर, दुपार

गंमत. माझ्या हातून चहाचा कप पाइपच्या तोंडाशी कलंडला. चहा आत गेला आणि जागच्या जागी थांबला. ना इकडे, ना तिकडे. मुकादमाला बोलावून दाखवलं, बघ, किती पक्कं काम झालंय. जरा हालत नाही. तो बराच वेळ चहाकडे बघत बसला. त्याला चहा फुकट गेल्याचं वाईट वाटलं असावं.

२१ सप्टेंबर

काल पावसाची सर आली. चरात पाणी साचलं. सगळ्या लांबीभर एकसारखं, घोट्याएवढं. जमीन चिकण आहे, पाणी जिरत नाही. आणखी काय असणार?

मुकादम म्हणाला, साहेब, नाल्याकडे जायला हवं होतं पाणी. म्हटलं, पाइपातून जाईल ना, चरातून कशाला जाईल? ओळंब्याने बादल्या लावून सगळं पाणी उपसून घेतलं. बादल्यांची रांग बघण्यासारखी होती.

माती लोटायला सांगितली. चर उघडा राहिला की लोकांच्या मनात शंका येतात.

२३ सप्टेंबर

टाकीवर. साडू बॅगांचं माप घ्यायला घरी आले होते म्हणे, डिकीत बसतात का बघायला. टेप घेऊन! बायकोला म्हटलं, त्यांना सांग, टेप घरी ठेवा. ती म्हणाली, तुम्हीच सांगा. मुलीने फोन घेतला, म्हणाली, बाबा, नक्की येताय ना? लहानपणी जत्रेत हात सोडायच्या आधी विचारायची तसा आवाज होता. म्हटलं, नक्की म्हणजे काय, काम संपल्यातच जमा आहे.

खाली उतरून कँटीनमधून तिच्यासाठी लोकरीचा कोट घेतला. लष्करी कापड, आत अस्तर, मोठी बटणं. साडूंना असलं काही सुचायचं नाही.

२५ सप्टेंबर

बॅग भरली. उद्या सकाळी चाचणी, दुपारी कर्नलसाहेबांची सही, मग ट्रक. बॅग खोलीत उघडीच ठेवलीय जमिनीवर, कोट सगळ्यात वर, चुरगळू नये म्हणून. ओळंबा निरोप घ्यायला आला. माझं पत्र कर्नलसाहेबांनी सकाळच्या परेडला सगळ्यांपुढे वाचून दाखवलं म्हणाला. स्वतःच्या बायकोलाही कळवलंय त्याने. बोलताना त्याचे डोळे भरून आले होते, मान मात्र सरळ.

साडूंना मेसेज लिहून ठेवलाय: 'गाडीची गरज नाही. आभार.' उद्या टाकीवरून पाठवतो.

२६ सप्टेंबर

लिहवत नाही. पण खरं तेच लिहायचं असं ठरलंय.

चाचणीची कल्पना कर्नलसाहेबांची. सगळी लाइन एकदम तपासायची म्हणून प्रत्येक संडासात एक जवान, प्रत्येक नळावर एक, मेसच्या मोऱ्यांवर आचारी. सगळे तयार. ओळंब्याने शिट्टी मारली आणि अख्ख्या तळाने एकाच क्षणी फ्लश ओढला. जमिनीखालून असा आवाज आला की कर्नलसाहेबांनी टोपी धरली.

आम्ही सगळे पलीकडे नाल्याशी, पाइपाच्या तोंडाकडे बघत उभे. मी छोटंसं भाषण सुरू केलं होतं. पाणी येईना. भाषण लांबवलं. पाण्याचं महत्त्व सांगितलं, शिस्तीचं सांगितलं. पाइपातून एक बेडूक बाहेर आला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि परत आत गेला.

तेवढ्यात एक जवान धावत आला. पाणी निघालंय, म्हणाला. मी टाळ्या वाजवल्या. कुठून, कर्नलसाहेबांनी विचारलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, साहेबांच्या खोलीतून.

तळातली सगळ्यात सखल मोरी माझी. दोनशे माणसांचा फ्लश पायरी चढून खोलीत आला होता. बॅग तरंगत होती. कोट तरंगत नव्हता, कारण जड कापड.

कर्नलसाहेब रागावले नाहीत. फक्त म्हणाले, पाणी वाहीपर्यंत तुमच्या गेटपासवर सही होणार नाही. मेजरसाहेब काहीतरी म्हणणार होते. मी म्हटलं, माहीत आहे, तुम्हाला वाटलंच होतं.

मेसेज पाठवला नाही.

२७ सप्टेंबर

कारणं शोधली. (१) पाइप कारखान्यातूनच वाकडे. (२) आचाऱ्यांनी मोरीत तेल ओतलं. (३) फ्लश असे एकदम ओढायचेच नसतात, हे कुठल्याही सभ्य माणसाला कळतं.

कर्नलसाहेबांनी आज यंत्र लगेच दिलं, अर्जाशिवाय. लावलं. पहिली खुंटी बघितली, मग मधली, मग शेवटची.

सगळ्या एका उंचीच्या. गुडघ्याएवढ्या. केसाचाही फरक नाही.

मी तिथेच मातीत बसलो. बोटभर, बोटभर करत मी जो ढाळ दिला होता, तो ओळंब्याने रंगाआधी काढून टाकला. 'जरा खालीवर झाल्या होत्या, व्यवस्थित करून घेतल्या.' सांगितलं होतं मला त्याने! तोंडावर सांगितलं होतं! आणि मी त्याला पत्र दिलं.

असा संताप आला की खुंटी उपटून त्याच्या मागे धावावं. तोच समोरून आला. माझा कोट धुऊन, पिळून, आणखी दोन पाण्यातून काढून दोरीवर घातलाय म्हणाला. आणि पत्र फ्रेम करायला दिलंय.

काय बोलणार? त्याला सांगायचं म्हणजे कर्नलसाहेबांना कळणार, म्हणजे ते पत्र परत काढणार, म्हणजे मी यंत्र लावून बघितलंच नाही हेही निघणार. कर्नलसाहेबांना सांगितलं, जमीन बसली. म्हणाले, कुठे बसली? म्हटलं, सगळीकडे सारखीच.

२८ सप्टेंबर

विमानाचा दिवस. टाकीवर चढलो. मुलीला म्हटलं, नाही जमलं गं.

ती म्हणाली, बाबा, विमान ६ तारखेला आहे.

मला कळेचना. तिने सांगितलं, तुम्ही उशीर करणार हे धरून तुम्हाला आठ दिवस आधीची तारीख सांगितली होती. आईची आयडिया. साडूंनाही ठाऊक होतं. म्हणाली, तुम्ही नाही का खुंट्यांना ढाळ ठेवत, तसा आम्ही तारखेला ठेवला.

मी खूप रागावलो. पोटच्या पोरीने बापाशी असं खोटं बोलावं? बायकोला फोन द्यायला सांगून तिच्यावरही रागावलो. ती म्हणाली, बरं, म्हणजे मग आजच पाठवून देऊ का तिला? मग रागावणं थांबवलं.

खाली येऊन शिडीला डोकं टेकून थोडा रडलो. आनंदाने. आठ दिवस! आठ दिवसांत मी दुसरा तळ उभा करीन. संकल्प नवा, आणि शेवटचा: आता काहीही दुसऱ्यावर सोपवायचं नाही.

३० सप्टेंबर

चर परत उघडतोय. कर्नलसाहेबांनी खणायला जवान दिले. ओळंबा स्वतः फावडं घेऊन उतरलाय. चराच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. मुकादम माझ्याशी बोलत नाही. ओळंब्याला सांगा, एवढंच सकाळी म्हणाला. म्हटलं, सांगतो, योग्य वेळ बघून. असल्या गोष्टी नाजूक असतात. माणसाचं मन मोडतं.

२ ऑक्टोबर

पाइप सगळे वर काढले. यंत्र उद्या एक दिवस मिळणार, तो शेवटचा. कर्नलसाहेबांच्या वर एक मोठे साहेब आहेत, ते ५ तारखेला तळावर येणार, त्याआधी दुर्बिणी सगळ्या कुलपात.

हिशोब सोपा आहे. उद्या खुंट्या, रातोरात पाइप, परवा सकाळी पाणी, सही, ट्रक. पाचला सकाळी घरी. विमान सहाला संध्याकाळी. मी पुरून उरतो.

ओळंब्याला आज सांगणार होतो. पण त्याने फ्रेम केलेलं पत्र दाखवायला आणलं. काच लावलीय. खुंट्या बसल्या की उद्या सांगू, तेव्हा विषय आपोआप निघेल.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ

खुंट्या ठोकल्या. स्वतः. तीन वेळा यंत्र लावून तपासल्या. पहिली गुडघ्याएवढी, शेवटची जमिनीलगत. मुकादमसुद्धा हसला. यंत्र गार्डरूममध्ये जमा केलं आणि धावत टाकीवर गेलो. मुलीला सांगायचं होतं.

ती एका रिंगमध्ये उचलते आजकाल. म्हटलं, परवा सकाळी दारात उभा राहीन, आईला सांग चहा ठेव. म्हणाली, खरंच? म्हटलं, अगं, इथून वरून मला माझ्या खुंट्या दिसतायत, बघत राहाव्यात अशा. कशा बोटबोटभर उतरत गेल्यात, नाल्यापर्यंत. उतरत गेल्यात आणि

उतरत नव्हत्या. अर्ध्या उतरत होत्या. अर्ध्या सारख्या.

ओळंबा. मोगरी, दोरी, रंगाचा डबा, चार जवान. मोठे साहेब यायच्या आधी 'खालीवर झालेलं' व्यवस्थित करत होता. खालच्या खुंट्या उपटून वर करायचा, वरच्या ठोकून खाली घ्यायचा, एक डोळा मिटून बघायचा, पुढे जायचा.

मी वरून ओरडलो. थांब! अरे, सोड ते! गाढवा, हात लावू नकोस! वारा उलट्या दिशेचा. ओळंब्याने आवाज ऐकला असावा, कारण त्याने वर बघून कडक सलाम ठोकला आणि काम भराभर चालू केलं. फोनमध्ये मुलगी विचारत होती, बाबा, मी काय केलं?

उतरेपर्यंत शेवटच्या खुंटीला लाल पट्टा लागला होता.

४ ऑक्टोबर

यंत्र मोठे साहेब जाईपर्यंत मिळणार नाही. कर्नलसाहेब म्हणाले, काल दिवसभर दिलं होतं की. ट्रक दुपारी गेला. शिट्टी ऐकू आली, तीच चाल.

साडूंना मेसेज केला: 'गाडी लागेल.' लगेच उत्तर आलं: 'आहेच.'

६ ऑक्टोबर

टाकीवर गेलो. आज रेंज नेमकी छान. मुलगी विमानतळावर होती. मागे साडू कोणाला तरी ट्रॉलीच्या चाकावरून झापत होते. मला वाटतं मीही तेच केलं असतं. बायको म्हणाली, बरं. हा प्रकार नवा होता, माझ्या कुठल्याच यादीत बसला नाही.

मुलगी म्हणाली, बाबा, रडू नका. म्हटलं, वारा आहे. तिने विचारलं, पाणी वाहायला लागलं का? म्हटलं, लागेल. तिने सांगितलं, थंडीची काळजी करू नका, काकांनी कोट घेऊन दिलाय. चांगलं केलं, म्हटलं. मग तिची रांग पुढे सरकली.

उतरलो तर खाली ओळंबा. हातात माझा कोट. धुतलेला, इस्त्री केलेला. त्याला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. खुंट्या मुद्दाम खालीवर असतात, त्या फरकावरच पाणी चालतं, मुलीचं विमान त्याच्यावरच होतं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याची मान खाली गेलेली पहिल्यांदाच बघितली.

म्हणाला, साहेब, पहिल्याच दिवशी सांगायचं. एक माणूस पहाऱ्याला उभा केला असता. हात लावायची कोणाची टाप होती?

मग त्याने विचारलं, ते पत्र मग कशाबद्दल होतं?

रंगाबद्दल, मी म्हटलं. रंग खरंच छान होता.

यंत्र चार दिवसांनी मिळेल. संध्याकाळी कोट घालून बघितला. बाह्या आखूड होतात. पण इथे थंडी वाढत चाललीय, आणि मी काही इतक्यात जात नाही.